थॉर्नबेकच्या पाटीपर्यंतचा विमा

रॉथडेल, यॉर्कशायर
२८ ऑक्टोबर १९९०

प्रिय ऑड्री,

तुझ्या गुडघ्याची चौकशी पत्राच्या शेवटी करीन. आधी माझ्या डोक्याला झालेला ताप ऐक.

तू मामाची मुलगी म्हणून नव्हे, तर जन्मभर श्रूजबरीच्या विमा कचेरीत लोकांचे दावे तपासत बसलीस म्हणून तुला लिहितोय. आमच्या रॉथडेल व्हीलर्स क्लबात सध्या सगळ्यांच्या तोंडी एकच विषय आहे. शेजारच्या गावातल्या एका सायकलवाल्यानं उतारावर एका म्हाताऱ्या गृहस्थाला धडक दिली. त्या गृहस्थांच्या वकिलाचं पत्र आलं, आणि बिचाऱ्याला राहतं घर विकायची वेळ आली. तेव्हापासून आमचे सगळे वीर घाबरलेत. आजवर ज्यांनी साधी घंटी लावली नाही, ते आता रविवारी सकाळी मला विचारतात, "अर्नेस्ट, आपला थर्ड पार्टी विमा आहे ना रे?"

नाही. कधीच नव्हता. कुणी विचारलंच नाही, म्हणून मीही कधी सांगितलं नाही.

आता जानेवारीच्या वार्षिक सभेत ठरवायचंय की क्लबनं कुठल्या संस्थेचं सभासद व्हायचं. दोनच आहेत. एक प्रवासी सायकल संघ. लोकरीचे मोजे, नकाशे आणि चर्चच्या आवारात बसून सँडविच खाणारी मंडळी. दुसरं सायकल शर्यत मंडळ. वेग वाढावा म्हणून पायांचे केस काढणारे. दोघंही म्हणतात, सभासद व्हा, विमा आपोआप मिळेल. दोघांची माहितीपुस्तकं सोबत पाठवतोय. मी वाचली. वाचून एवढंच कळलं की दोन्हींचा कागद गुळगुळीत आहे.

सिरिल बूथरॉइड शर्यत मंडळाच्या बाजूनं आहे, म्हणून मी संघाच्या बाजूनं आहे. पण सभेत हे कारण म्हणून चालणार नाही. एखादं बरं कारण शोधून कळव.

गुडघा कसा आहे?

तुझा,
अर्नेस्ट

---

लडलो, श्रॉपशायर
९ नोव्हेंबर १९९०

प्रिय अर्नेस्ट,

गुडघा गुडघ्याच्या जागी आहे.

दोन्ही पुस्तकं वाचली. मुखपृष्ठावर हसणारी माणसं असली की आत बारीक टाइप असतो. तो मी भिंग लावून वाचला. सोपं करून सांगते, म्हणजे सभेत तुला वाचून दाखवता येईल.

संघाचा विमा: तुम्ही मजेसाठी, बाजाराला, कामाला, कुठंही सायकलवरून जाताना कुणाला इजा केलीत, तर भरपाई संघ देईल. मात्र 'कोणत्याही प्रकारची स्पर्धा' चालू असेल तर एक पैसा मिळणार नाही.

मंडळाचा विमा: मंडळानं परवानगी दिलेल्या शर्यतीत किंवा एकट्यानं सराव करताना कुणाला इजा केलीत तर भरपाई मंडळ देईल. परवानगीशिवाय आपापसात शर्यत लावलीत तर तिथंही भोपळा.

तुम्ही सगळे साठीच्या पुढचे. रविवारी तंगड्या हलवायला जाता आणि केक खाऊन परत येता. तुमच्यासाठी संघ बरा. पण त्याआधी एका प्रश्नाचं खरं उत्तर दे. तुम्ही कधी आपापसात शर्यत लावता का?

पत्रानं कळव. फोनवर तू नुसता हो हो म्हणतोस आणि मागं रेडिओ चालू असतो.

ऑड्री

---

रॉथडेल
२० जानेवारी १९९१

प्रिय ऑड्री,

सभा काल झाली. तीन तास. चर्चच्या हॉलमधला हीटर बंद, किटली बंद, आणि सिरिलचं तोंड तेवढं चालू.

मी तुझं पत्र वाचायला घेतलं तर तो म्हणाला, "ही ऑड्री आपली सभासद आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग तिचं पत्र इतिवृत्तात कशाला?" त्यावर अर्धा तास गेला. मग मंडळाकडून आलेला तरुण उभा राहिला. पोरगा चांगला होता, पण बोलता बोलता म्हणाला, "रविवारच्या फेरीत चहासाठी थांबल्यामुळे स्नायू थंड पडतात, ते टाळावं." मतं मोजायचीही गरज उरली नाही. आम्ही संघात गेलो. सिरिलनंसुद्धा हात वर केला. चहावर गदा आली की तो माणसात येतो.

आता तुझा प्रश्न. आम्ही शर्यत लावत नाही. कधीच नाही.

थॉर्नबेकच्या पाटीचं म्हणशील, तर ती शर्यत नव्हे. ते असं आहे की आमची रविवारची फेरी थॉर्नबेकला विनी थ्रेलफॉलच्या चहाघरापाशी थांबते. गावात शिरताना रस्त्याला एक वळण आहे आणि वळणानंतर गावाच्या नावाची पाटी. त्या वळणावर आम्ही जरा वेग वाढवतो. कुणी काही बोलत नाही. कुणी 'चला' म्हणत नाही. फक्त गप्पा बंद होतात. जो आधी पाटी ओलांडतो तो चहाघरात आधी शिरतो आणि आल्याच्या केकचा कोपऱ्याचा तुकडा घेतो. कोपऱ्याचा तुकडा जरा करपलेला असतो, चिकट असतो, तोच खरा. बाकीचे दारात आले की हवेबद्दल बोलतात. पाटीबद्दल अवाक्षरही काढायचं नाही, हा नियम आमच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलाय. त्यामुळे ती शर्यत असणं शक्यच नाही.

कोपऱ्याचा तुकडा गेली कित्येक वर्षं सिरिलच खातोय. माझ्या समोर बसून. हळूहळू.

तुझा,
अर्नेस्ट

---

लडलो
२ फेब्रुवारी १९९१

प्रिय अर्नेस्ट,

कपाळावर हात मारून मारून कपाळ लाल झालं.

ती शर्यतच आहे. तिला सुरुवात आहे, शेवट आहे, बक्षीस आहे, आणि तू वर्षानुवर्षं हरल्याचा राग धरून बसला आहेस. आणखी काय हवं? उद्या त्या पाटीपाशी एखादं माणूस आडवं आलं, तर संघ तुमच्या तोंडाला पानं पुसेल. आणि बरोबरच करेल.

एक तर ते बंद करा, नाहीतर पाटीपाशी सावकाश जा. तिसरा रस्ता नाही.

ऑड्री

---

रॉथडेल
१४ एप्रिल १९९१

प्रिय ऑड्री,

मी जिंकलो!

आज. तासाभरापूर्वी घरी आलो आणि कपडेही न बदलता लिहायला बसलोय. ऐक. वळणापर्यंत मी सिरिलच्या मागच्या चाकाला चिकटून होतो. वारा समोरून. तो दरवेळी डावीकडून निघतो, आज मी त्याआधीच उजवीकडून निघालो. माझी मांडी पेटली होती, छातीत लोहाराचा भाता चालू होता, पण मी खाली बसलो नाही. त्याचं टायर माझ्या पायाशी आलं, मग पॅडलशी आलं, मग पुढं यायचं थांबलं. ऑड्री, ते पुढं आलं नाही! पाटी आधी माझ्या चाकानं ओलांडली. अर्ध्या चाकानं म्हण. पण ओलांडली.

सिरिलचा चेहरा तू बघायला हवा होतास. तो उतरला आणि म्हणाला, "हवा बरी आहे आज." मी म्हटलं, "उत्तम आहे."

तसा पाटीपाशी थोडा घोळ झाला. विनी थ्रेलफॉल नेमकी त्याच वेळी रस्त्यावर आली. बहुधा कोंबड्यांना काही टाकायला आली असेल. मला हँडल वळवता आलं नाही, आणि ती हातावर पडली. मनगट जरा सुजलंय. डॉक्टरकडे नेलंय तिला. त्यामुळे कोपऱ्याचा तुकडा काही मिळाला नाही, चहाघर बंदच राहिलं.

तू काळजी करू नकोस. तुझी शिस्त मी पाळली. येतानाच संघाला सविस्तर निवेदन लिहून पेटीत टाकलं. काहीही लपवलं नाही.

तुझा विजयी भाऊ,
अर्नेस्ट

---

लडलो
१८ एप्रिल १९९१

अर्नेस्ट,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोन पानं तुझ्या मांडीबद्दल आणि चार ओळी त्या बाईबद्दल. लाज वाटायला हवी.

निवेदनात काय लिहिलंस? शब्द न् शब्द कळव. आणि विनी कशी आहे ते नीट सांग. 'जरा सुजलंय' असलं काही नको. चहाघर कोण चालवतंय?

परतीच्या टपालानं.

ऑड्री

---

रॉथडेल
२५ एप्रिल १९९१

प्रिय ऑड्री,

चिडू नकोस. मीच माझ्यावर पुरेसा चिडलोय.

मनगट दोन ठिकाणी मोडलंय. उजवं. आत धातूची पट्टी बसवलीय. निदान शरद ऋतूपर्यंत तिला कणीक मळता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. ती एकटी आहे, चहाघराच्या वरच्याच खोलीत राहते. उन्हाळ्यात जे कमावते त्यावर हिवाळा काढते. बेकरीतून माल आणून, कामाला मुलगी ठेवून दुकान चालवायचं म्हटलं तर तिच्याजवळ तेवढं नाही. संघानं भरपाई दिली तरच जमेल. आणि इमारत तिची नाही. मालकानं आत्ताच कुणाकडून तरी निरोप पाठवलाय की जूनअखेर दार उघडलं नाही तर तो जागा जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्याला देणार. थॉर्नबेकमध्ये चहाच्या जागी मोडक्या खुर्च्या!

मी रोज जातो. भांडी घासतो, कोंबड्यांना दाणे टाकतो. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

निवेदन. बरं, लिहितो. मी लिहिलं होतं, "पाटीच्या अलीकडे शेवटच्या पन्नास यार्डांत मी मि. बूथरॉइड यांना निर्विवादपणे मागं टाकलं व कित्येक वर्षांनी विजय मिळवला. त्याच क्षणी मिसेस थ्रेलफॉल रस्त्यावर आल्या."

संघाचं उत्तर आलंय. अगदी गोड भाषेत. 'विजय' या शब्दाचा खुलासा करावा म्हणतात. ती स्पर्धा होती का? असल्यास खेद आहे. नसल्यास दाव्याचा विचार आनंदानं करतील.

आता तूच सांग. मी सिरिलला विचारलं, तू साक्षीदार आहेस, काय म्हणशील? तो म्हणतो, "मी म्हणेन शर्यत नव्हती. आम्ही चहाला चाललो होतो. आणि शर्यत नव्हती, तर तू जिंकलाही नाहीस, अर्नेस्ट. एवढंच." आणि हसला. ऑड्री, तो माणूस हरल्यावरसुद्धा जिंकतो!

शर्यत मंडळालाही विचारून पाहिलं. तुम्ही आमचे सभासद नाही, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पण त्याआधी त्या पोरानं विचारलं, किती अंतरानं जिंकलात?

अर्नेस्ट

---

लडलो
१ मे १९९१

प्रिय अर्नेस्ट,

मी इथं बसून उंटावरून शेळ्या हाकतेय, हे मला कळतं. पण माझं ऐकल्याशिवाय तुझं गाडं पुढं सरकणार नाही.

संघाला फोन केला. पहिल्या बाईनं दुसऱ्या बाईकडे दिला, दुसरीनं वाट बघायला लावून बासरी ऐकवली, तिसरा गृहस्थ म्हणाला, हा विषय विमा कंपनीचा आहे. विमा कंपनी म्हणाली, हा विषय संघाचा आहे. याच कामात मी आयुष्य घालवलं, पण बासरीच्या या बाजूला बसल्यावर ते किती चीड आणणारं असतं हे आज समजलं.

तर आता खालीलप्रमाणे लिही आणि एकही शब्द वाढवू नकोस:

"आमचा गट नेहमीच्या रविवारच्या फेरीवर होता. उतारामुळे वेग वाढला होता. सुरुवातीचा इशारा, पंच किंवा बक्षीस असं काहीही नव्हतं. आधीच्या पत्रातला 'विजय' हा शब्द उत्साहाच्या भरात वापरला गेला."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. इशारा कुणी देत नाही, हे तूच लिहिलंस. पंच नव्हताच. केकचा कोपरा म्हणजे बक्षीस नव्हे, खाद्यपदार्थ. राहिला उतार, तो मी नकाशावर पाहिला, थोडासा आहे.

होय, मला माहीत आहे मीच फेब्रुवारीत काय लिहिलं होतं. तेव्हा कुणाचं मनगट मोडलं नव्हतं.

तुला दोन गोष्टी हव्यात, अर्नेस्ट. तुझा विजय आणि विनीचं चहाघर. एकच मिळेल. कुठलं, ते विचारायचीसुद्धा मला लाज वाटते.

ऑड्री

---

रॉथडेल
१९ मे १९९१

ऑड्री,

तुझी चार वाक्यं लिहून पाठवली. सही केली. सिरिलनंही साक्षीदार म्हणून सही केली, माझ्याच पेनानं. पेन परत देताना म्हणाला, "म्हणजे माझी परंपरा अखंड आहे तर."

चौकशीला माणूस येणार आहे. आम्हाला भेटेल आणि विनीलाही. तिला मी काही शिकवलं नाही. तिनं काय बघितलं असणार, ती कोंबड्यांसाठी आली होती.

बाकी ठीक. रात्री जेवण जात नाही. लोक विचारतात, "अर्नेस्ट, त्या दिवशी जिंकलास म्हणे?" मी म्हणतो, "नाही, आम्ही चहाला चाललो होतो."

अर्नेस्ट

---

लडलो
११ जून १९९१

अर्नेस्ट,

चौकशी झाली का? काय झालं? पोस्टकार्ड पाठवतेय कारण पाकिटात घालण्याएवढा धीर उरलेला नाही.

ऑड्री

---

रॉथडेल
१६ जून १९९१

प्रिय ऑड्री,

सगळं संपलं. बसून वाच.

चौकशीसाठी आलेला माणूस मि. पेल. किडकिडीत, चष्मेवाला, पँट साखळीत अडकू नये म्हणून लावतात ती क्लिप पायाशी. स्टेशनपासून स्वतःच सायकलवरून आला होता. ते बघून मला बरं वाटलं, म्हटलं आपल्यातलाच आहे. विनीच्या बंद चहाघरात आम्ही चौघं बसलो. चहा मी केला. सिरिलनं कपाळाला आठ्या घालून प्यायला.

माझं झालं, सिरिलचं झालं. सगळं तुझ्या चार वाक्यांप्रमाणं. पेलनं मान डोलावत सगळं लिहून घेतलं. मग विनीकडे वळला. ती खिडकीशी बसली होती, प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून.

"मिसेस थ्रेलफॉल, तुम्ही त्या वेळी रस्त्यावर कशासाठी आला होता?"

"निकाल बघायला."

मी कप खाली ठेवला. पेल म्हणाला, "कसला निकाल?"

"पाटीचा. दर रविवारी बघते. भिंतीआडून बघते नेहमी, या पोरांना कळू नये म्हणून. त्या दिवशी दोघं इतके बरोबरीनं आले की भिंतीआडून काही समजेना. म्हणून पुढं झाले."

"म्हणजे, तुमच्या मते ती शर्यत होती?"

"नाहीतर काय मिरवणूक होती?"

पेलनं पेन बंद केलं. टोपण लावलं, खिशात ठेवलं. मग खाली वाकून पँटची क्लिप नीट करत अगदी हळू आवाजात म्हणाला, "कोण जिंकलं?"

"अर्नेस्ट," विनी म्हणाली. "अर्ध्या चाकानं."

"अर्धं कुठलं!" सिरिल खुर्चीवरून उठलाच. "पाव होतं! फार तर पाव!"

झालं. पेलनं सिरिलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "मला फार वाईट वाटतं. मनापासून वाटतं." आणि गेला. काल संघाचं पत्र आलं. स्पर्धा असल्यामुळे दावा नामंजूर.

त्या दिवशी सिरिल गेल्यावर मी विनीसमोर उभा राहिलो. मला इतका संताप आला होता की ओरडलोच. म्हटलं, "विनी, का केलंस? तुला कळत नाही का, एक वाक्य, फक्त कोंबड्यांना दाणे टाकायला आले होते एवढं म्हटलं असतंस तर हे दुकान वाचलं असतं! मी ते लिहून दिलं. मला काय वाटलं असेल ते लिहिताना? तुझ्यासाठी दिलं!"

तिनं मला बसायला सांगितलं. बसलो.

"माझा नवरा गेल्यापासून मी इथं एकटी आहे," ती म्हणाली. "आठवडाभर लोक येतात, चहा पितात, जातात. रविवारी वळणावर तुमच्या गप्पा बंद झाल्या की मला वरून ऐकू येतं. मी हातातलं टाकून खाली धावते. मग तुम्ही येता, माना खाली, तोंडं लाल. आणि दारात येऊन म्हणता, हवा बरी आहे. तुम्हाला वाटतं मला काही कळत नाही. माझ्या सगळ्या आठवड्यात बघण्यासारखं तेवढंच असतं, अर्नेस्ट. त्या सिरिलला जिंकताना बघून बघून मी कंटाळले होते. आणि एकदाचा तू जिंकलास, मी समोर उभी होते, तुझ्याच चाकाखाली पडले, आणि आता तो गृहस्थ विचारतो की तिथं काही चाललं होतं का. मी नाही म्हणू? मग मी हे मनगट कशासाठी मोडून घेतलं?"

मी उठून कप धुवायला घेतले. पुढच्या रविवारी मालकाला किल्ली द्यायची आहे. सिरिल आणि मी दोघांनी केक करून बघितला. तिनं खुर्चीत बसून सगळं सांगितलं, तरी तो आतून कच्चा आणि वरून कोळसा. सिरिल म्हणाला भट्टीचा दोष, मी म्हणालो सिरिलचा. कोंबड्यांनीही खाल्ला नाही.

पुढच्या वर्षी कुठल्या संस्थेत जायचं, यावर सभासद आतापासूनच भांडतायत. मला काहीही विचारू नका म्हणून सांगितलंय.

अर्नेस्ट

---

लडलो
१९ जून १९९१

प्रिय अर्नेस्ट,

तुझं पत्र आलं तेव्हा मी बागेत होते. वाचून तिथंच बसले, ओल्या गवतावर. गुडघ्यानं त्याची शिक्षा दिली.

त्या बाईला भरपाई मिळावी म्हणून तिनं मनगट मोडून घेऊन पाहिलेली गोष्ट मी कागदावरून पुसून टाकायला निघाले होते, आणि वर तुला सांगत होते की यात एकही वाक्य खोटं नाही. पंच नव्हता, असं मी लिहून दिलं. पंच तर भिंतीआड उभी होती. मला स्वतःचा एवढा राग बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

तर ऐक. मी शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. स्टेशनवर ये, सायकल न आणता ये, माझ्याकडे दोन जड पिशव्या आहेत. विनीला निरोप दे की मालकाला किल्ली देऊ नये. मला कणीक मळता येते, दोन्ही हात धड आहेत, आणि घरी माझी वाट बघणारं कुणी नाही. ती खुर्चीत बसून सांगेल, मी करीन. मला ती ओरडली तरी चालेल. तू आणि सिरिल भट्टीच्या जवळपाससुद्धा येऊ नका. तुम्ही भांडी घासा. तिचा हात बरा होईपर्यंत मी तिच्याच वरच्या खोलीत झोपेन, जागा असेल तर. नसेल तर खाली बाकावर.

तुझ्या सभासदांना सांग, संघ घ्या नाहीतर मंडळ घ्या, तुमचा चहा कुठं गोड लागतो त्यावर ठरवा. मी दोन्ही पुस्तकं पुन्हा वाचली. बाकीच्या रस्त्यासाठी दोन्ही बरी आहेत. वळणापासून पाटीपर्यंतचा विमा कुणीही देणार नाही, तेवढ्या रस्त्यावर डोळे उघडे ठेवा.

रविवारी तुम्ही याल तेव्हा चहाघर उघडं असेल. विनीला आणि मला भिंतीच्या आत खुर्च्या टाकून ठेव, दोन, चांगल्या उंच, म्हणजे तिला परत रस्त्यावर यावं लागणार नाही. कोण आधी आलं ते आम्ही दोघी मिळून बघू. आणि कुणीही विचारलं, तुमचा क्लब, मालक, नाहीतर तो क्लिपवाला मि. पेल, तरी जे दिसेल तेच सांगू. हे सिरिलला आजच कळव, म्हणजे मागाहून तो पाव चाकाची तक्रार करणार नाही.

ऑड्री